वेतनमर्यादा मोडली, म्हणून फौजदारी गुन्हा?

जून २००६ मध्ये अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील फेडरल सरकारी वकिलांनी कचरा वाहून नेण्याच्या धंद्याशी संबंधित २९ व्यक्ती आणि १० कंपन्यांवर आरोपपत्र ठेवले. त्यात धमक्या होत्या, ग्राहकांची आपसांत केलेली वाटणी होती, बुडवलेला प्राप्तिकर होता आणि न्यूयॉर्कच्या जेनोव्हीज टोळीतील मॅथ्यू इयानिएलो या वयोवृद्ध म्होरक्याला दर तिमाहीस पोचणारा ३०,००० डॉलरचा हप्ताही होता. या सगळ्यात एक आरोप मात्र वेगळ्याच जातीचा होता. मुख्य आरोपी जेम्स गलांटे यांनी आपल्या मालकीच्या आइस हॉकी संघातील खेळाडूंना लीगने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पैसे दिले आणि ही गोष्ट लीगपासून लपवली, असा तो आरोप. दोन वर्षांनी गलांटे यांनी तीन गुन्ह्यांची कबुली दिली, त्यांत हाही एक होता. कचऱ्याच्या धंद्यातील कृत्यांबद्दल त्यांना शिक्षा झाली ती योग्यच झाली, असे माझे मत आहे. परंतु खेळाडूंना ठरल्यापेक्षा अधिक मोबदला देणे हे फौजदारी कायद्याच्या कक्षेत ओढणे चूक होते, आणि ती चूक एका विसरल्या गेलेल्या लीगच्या दोन मोसमांपुरती राहिलेली नाही.

डॅनबरी हे कनेटिकटच्या पश्चिम टोकाचे, एके काळी टोप्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेले, तेव्हा सुमारे पाऊण लाख वस्तीचे शहर. गलांटे यांनी २००४ मध्ये तिथे युनायटेड हॉकी लीगचा संघ आणला, त्याला आपल्या धंद्याला साजेसे ‘ट्रॅशर्स’ हे नाव दिले आणि कारभार १७ वर्षांच्या मुलाच्या, ए. जे. गलांटे याच्या हाती सोपवला. ही लीग व्यावसायिक हॉकीच्या उतरंडीत बरीच खालची. १९९१ मध्ये ती ‘कलोनियल’ या नावाने सुरू झाली, १९९७ मध्ये तिचे नाव बदलले आणि २०१० मध्ये ती दुसऱ्या एका लीगमध्ये विरून गेली. तिचे संघ फ्लिंट, कलामाझू, मस्कीगन, फोर्ट वेन अशा, मोटारी आणि कागद बनवून जगलेल्या मध्य-पश्चिमेकडील गावांत विखुरलेले होते. बसने रात्र-रात्र प्रवास करायचा, दोन-तीन हजार प्रेक्षकांसमोर खेळायचे, मोसम संपला की दुसरे काम शोधायचे, असे तिथल्या खेळाडूचे आयुष्य असे.

अशा लीगमध्ये ट्रॅशर्सनी पहिल्याच वर्षी खळबळ उडवली. आइस हॉकीतील दिग्गज वेन ग्रेट्झकी यांचे धाकटे बंधू ब्रेंट त्यांच्याकडून खेळले. ज्यांच्या गोलने न्यू जर्सी डेव्हिल्सने २००३ चा स्टॅन्ले कप, म्हणजे या खेळाच्या सर्वांत मोठ्या लीगचा करंडक, जिंकला ते माइक रप काही सामने खेळून गेले. ब्रॅड विंगफील्ड यांच्यासारखे, प्रामुख्याने मारामारीसाठी ओळखले जाणारे गडीही संघात होते. आइस हॉकीत नियम मोडणाऱ्या खेळाडूला ठरावीक मिनिटे बाकावर बसवतात, आणि पहिल्या मोसमात या संघाच्या शिक्षेच्या मिनिटांची बेरीज अडीच हजारांच्या वर गेली. डॅनबरी आइस अरेनाचा ‘सेक्शन १०२’ हा प्रेक्षकांचा कोपरा पाहुण्या संघाला सळो की पळो करून सोडण्याबद्दल कुप्रसिद्ध झाला. दुसऱ्या मोसमात, म्हणजे २००५-०६ मध्ये, संघ अंतिम फेरीत पोचला आणि कलामाझू विंग्जकडून हरला. त्यानंतर थोड्याच दिवसांत आरोपपत्र आले आणि संघ बंद पडला. छापे तर २००५ च्या उन्हाळ्यातच पडले होते. म्हणजे दुसरा मोसम पूर्णपणे तपासाच्या सावटाखाली खेळला गेला.

आता त्या मर्यादेकडे वळू. आपल्याकडे आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाला ठरावीक रकमेची ‘पर्स’ असते, तशी ही वेतनमर्यादा. युनायटेड हॉकी लीगमध्ये एका संघाला संपूर्ण मोसमात खेळाडूंच्या पगारावर २,७५,००० डॉलरपेक्षा अधिक खर्च करता येत नसे. वीस खेळाडूंत ही रक्कम सारखी वाटली तर माणशी १३,७५० डॉलर होतात. मोसम सहा महिन्यांचा धरला तर आठवड्याला सुमारे ५३० डॉलर. ट्रॅशर्सचा खरा खर्च साडेसात लाखांच्या घरात गेला होता, असे सरकार पक्षाचे म्हणणे होते. वरची रक्कम मिळण्याचा मार्ग साधा होता. खेळाडूचे किंवा त्याच्या पत्नीचे नाव गलांटे यांच्या एखाद्या कचरा कंपनीच्या पगारपत्रकावर चढे. काम काहीच नसे, कित्येकांना तर कंपनीच्या आवारात पाऊलही टाकावे लागत नसे, धनादेश मात्र नियमित निघे. लीगकडे जाणाऱ्या तक्त्यात यातले काहीच दिसत नसे. असे खोटे तक्ते दूरसंचार साधनांतून पाठवणे म्हणजे ‘वायर फ्रॉड’, तारेवरून केलेली फसवणूक, असा सरकारी वकिलांचा युक्तिवाद.

याच सुमारास याच खेळाच्या सर्वांत मोठ्या लीगमध्ये काय चालले होते, हे लक्षात घेतल्याशिवाय या प्रकरणाची गंमत कळत नाही. नॅशनल हॉकी लीगच्या मालकांना वेतनमर्यादा हवी होती, खेळाडूंच्या संघटनेला ती नको होती, आणि या भांडणात २००४-०५ चा संपूर्ण मोसम टाळेबंदीत गेला. आयुक्त गॅरी बेटमन यांनी १६ फेब्रुवारी २००५ रोजी तो रद्द केला. ट्रॅशर्सचा पहिला मोसम नेमका हाच. काम नसलेले मोठे खेळाडू त्या हिवाळ्यात छोट्या लीगमध्ये उतरले. डेट्रॉइटचे ख्रिस चेलिओस तर मोटर सिटी मेकॅनिक्स नावाच्या युनायटेड हॉकी लीगच्या संघाकडून खेळले. अखेरीस मालकांनी मर्यादा पदरात पाडून घेतली, २००५-०६ साठी संघामागे ३ कोटी ९० लाख डॉलर. परंतु तिच्या बदल्यात त्यांना काही मोजावे लागले. लीगच्या उत्पन्नातील ५४ टक्के वाटा खेळाडूंचा, संघाने किती खर्च केलाच पाहिजे याची खालची पातळी, आणि प्रत्येक खेळाडूला किमान ४,५०,००० डॉलर, असा तो सौदा होता. युनायटेड हॉकी लीगच्या खेळाडूला उत्पन्नाच्या वाट्याची अशी हमी नव्हती. वरचे झाकण तेवढे होते.

माझ्या म्हणण्याचा गाभा इथे आहे. कचऱ्याच्या धंद्यात जे चालले होते त्याला ‘मालमत्ता-हक्क पद्धत’ म्हणत. एखाद्या उपाहारगृहाचा कचरा ज्या कंपनीने प्रथम उचलला, ते उपाहारगृह कायमचे तिचे. मालकाने दर परवडत नाही म्हणून दुसऱ्या कंपनीला फोन केला, तर ती एक तर फिरकत नसे किंवा मुद्दाम पहिलीपेक्षा चढा भाव सांगे, म्हणजे तो गुपचूप जुन्या कंपनीकडे परते. कोणी हा संकेत मोडून खरोखरच स्वस्तात काम घेतले, तर त्याला ताळ्यावर आणण्यासाठी इयानिएलोसारख्यांचा धाक होता. पश्चिम कनेटिकट आणि लगतच्या न्यूयॉर्क राज्यातील गावांत वर्षानुवर्षे हे चालले. विक्रेत्यांनी एकमेकांशी स्पर्धा न करण्याचे ठरवून गिऱ्हाइकाला नाडायचे, याला कायदा संगनमत म्हणतो आणि ते योग्यच आहे. हॉकीत काय होते? डझनभराहून अधिक मालकांनी एकत्र बसून ठरवले की, खेळाडू मिळवण्यासाठी आपण ठरावीक रकमेपलीकडे एकमेकांवर चढाओढ करायची नाही. तिथे गिऱ्हाइकाच्या जागी कामगार होता, एवढाच फरक. एकाच आरोपपत्रात एकाच माणसावर एका धंद्यातील संगनमत चालवल्याचा आणि दुसऱ्या धंद्यातील संगनमत मोडल्याचा, असे दोन्ही ठपके होते, आणि हे विसंगत आहे असे सरकार पक्षाला वाटले नाही.

अर्थात दोन्ही गोष्टी तंतोतंत सारख्या नाहीत. कचरा कंपनीला प्रतिस्पर्धी बुडाला तर आनंदच होतो. हॉकी संघाला प्रतिस्पर्धी बुडून चालत नाही, कारण मग सामना कोणाशी खेळायचा? एखादा धनाढ्य मालक वाटेल तसा पैसा ओतू लागला की बाकीचे एक तर त्याच्या मागे धावून कर्जात जातात किंवा प्रत्येक सामना हरून प्रेक्षक गमावतात. त्याला कंटाळा आला किंवा त्याच्यावर जप्ती आली की त्याचा संघही नाहीसा होतो आणि वेळापत्रकात भगदाड पडते. डॅनबरीत झाले ते नेमके हेच. फोर्ट वेनचा कॉमेट्स हा संघ १९५२ पासून त्याच गावात टिकून आहे, आणि असे टिकणे हिशेबी मालकांमुळेच शक्य होते, हे मान्य केले पाहिजे. त्यामुळे वेतनमर्यादा मुळात बेकायदा किंवा अनैतिक आहे, असे मी म्हणत नाही. ती मालकांच्या सोयीची एक खासगी शिस्त आहे, काही परिस्थितीत समर्थनीय आहे, आणि तिचा भार बहुतांशी खेळाडूच्या खिशावर पडतो, एवढेच माझे म्हणणे आहे. अशा शिस्तीच्या भंगाला लीगने शिक्षा करावी. सरकारने तिची वसुली का करावी?

दुसऱ्या बाजूला, या प्रकरणात गलांटे यांना गरिबांचा कैवारी ठरवण्याची जी हौस अलीकडे बळावली आहे, तीही मला मान्य नाही. २०२१ मध्ये या संघावर एक माहितीपट आला आणि नव्या पिढीला ट्रॅशर्स म्हणजे व्यवस्थेला खिजवणारी एक रंगेल टोळी म्हणून माहीत झाले. टोप्या-जर्सी पुन्हा खपू लागल्या. बापाने मुलाच्या हौसेसाठी संघ घेतला, खेळाडूंना हात सैल सोडून पैसे दिले, गावाला मजा आणली, अशी ती कथा. हे पैसे आले कुठून, हा प्रश्न त्या कथेत फारसा टिकत नाही. ज्या कंपन्यांच्या पगारपत्रकावर खेळाडूंची नावे होती, त्यांचे उत्पन्न स्पर्धा मारून वाढवलेल्या बिलांतून येत होते. डॅनबरीचा खाणावळवाला, गॅरेजवाला, छोटा दुकानदार दर महिन्याला कचऱ्यासाठी जादा पैसे भरत होता आणि शुक्रवारी रात्री तिकीट काढून त्याच पैशांवर पोसलेल्या संघाला टाळ्या देत होता. खेळाडूंशी उदार झालेल्या या मालकाचे औदार्य दुसऱ्याच्या खिशातले होते. त्या लुटीसाठी त्यांना शिक्षा झाली, २५ कंपन्यांमधील हितसंबंध सरकारजमा झाले, आणि त्याबद्दल कोणी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. काम न करणाऱ्यांचे पगार धंद्याचा खर्च म्हणून दाखवणे ही करचुकवेगिरी होते. तेही सरकारचेच प्रकरण. माझा आक्षेप आहे तो या दोहोंखेरीज लावलेल्या तिसऱ्या कलमाला.

त्या कलमाखाली फसवले गेले कोण? सरकार पक्षाचे उत्तर होते, लीग. परंतु लीगचे नेमके काय गेले? ट्रॅशर्सनी तिच्या तिजोरीतून काही काढले नाही. जवळपास तिप्पट पैसे खर्चूनही त्यांना करंडक मिळाला नाही. पहिल्या वर्षी तो मस्कीगन फ्युरीने नेला, दुसऱ्या वर्षी कलामाझूने. लीगला खोटी माहिती दिली गेली, हे खरे. प्रतिस्पर्धी संघांना असमान लढतीत उतरावे लागले, हेही खरे. हे दोन्ही अपराध खेळाच्या शिस्तीतले आहेत आणि खेळाच्या शिस्तीत त्यांना पुरेशी कडक शिक्षा असते. इतर लीगनी काय केले, ते पाहावे. बास्केटबॉलच्या एनबीएमध्ये मिनेसोटा टिंबरवुल्व्ज या संघाने जो स्मिथ या खेळाडूशी गुप्त करार केल्याचे २००० मध्ये उघड झाले. लीगने ३५ लाख डॉलर दंड केला आणि नवे खेळाडू निवडण्याचे हक्क काढून घेतले. २०१० मध्ये न्यू जर्सी डेव्हिल्सने इल्या कोवलचुक यांच्याशी १७ वर्षांचा १० कोटी २० लाख डॉलरचा करार मर्यादेला बगल देण्यासाठी केला, असा लवादाचा निर्णय झाला, तेव्हा ३० लाखांचा दंड आणि निवडीचे हक्क गेले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात रग्बी लीगच्या मेलबर्न स्टॉर्म संघाने दुहेरी करारपत्रे ठेवल्याचे सिद्ध झाल्यावर त्याची २००७ आणि २००९ ची विजेतेपदेच रद्द झाली. आपल्याकडेही रवींद्र जडेजा यांना नियमबाह्य वाटाघाटींबद्दल २०१० च्या आयपीएलमधून बाहेर ठेवले गेले, ते मंडळाच्या पातळीवरच. यांपैकी प्रत्येक प्रकरणात लपवाछपवी होती किंवा नियमाला दिलेली बगल होती. डॅनबरीपेक्षा कित्येक पट मोठ्या रकमा गुंतलेल्या असताना ही प्रकरणे खेळाच्या चौकटीत मिटली.

मग डॅनबरीत वेगळे का झाले? त्याचे कारण कायद्यात नसून माणसात आहे, असे मला वाटते. सरकारला गलांटे हवे होते. फोनवरील हजारो संभाषणे ऐकताना कचऱ्याबरोबर हॉकीचाही मजकूर हाती लागला आणि जे सापडले ते आरोपपत्रात घातले गेले. अमेरिकेचा वायर फ्रॉडचा कायदा १९५२ चा, आणि त्याचे शब्द इतके ऐसपैस आहेत की कोणताही खोटेपणा दूरध्वनीवरून झाला तर त्यात बसवता येतो. कायदा असा सैल असला की तो कोणाला लावायचा हे वकिलाच्या मर्जीवर जाते. बदनाम माणसाला लावला तर कोणी हरकत घेत नाही. पायंडे पडतात ते अशाच माणसांच्या प्रकरणांतून.

या धोक्याचे सर्वांत ठळक उदाहरण पुढे कॉलेज बास्केटबॉलमध्ये दिसले. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल वकिलांनी आदिदास कंपनीचे अधिकारी जेम्स गॅटो आणि त्यांच्या साथीदारांना अटक केली. होतकरू खेळाडूंनी आदिदासशी करार असलेल्या विद्यापीठांत जावे म्हणून त्यांच्या कुटुंबांना गुपचूप पैसे दिले, हा आरोप. असे पैसे देणे कोणत्याही फेडरल कायद्याने निषिद्ध नव्हते, ते निषिद्ध होते एनसीएए या खासगी क्रीडासंस्थेच्या हौशीपणाच्या नियमांनी. तरीही, नियमभंगामुळे अपात्र ठरणाऱ्या खेळाडूंना शिष्यवृत्ती देऊन विद्यापीठे फसली, असा तर्क लढवून वायर फ्रॉड सिद्ध करण्यात आला. जानेवारी २०२१ मध्ये अपील न्यायालयाने शिक्षा कायम केल्या. त्याच वर्षी जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एनसीएएच्या निर्बंधांना एकमताने तडाखा दिला, १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर उघड पैसे मिळवण्याची मुभा मिळाली, आणि २०२५ पासून तर विद्यापीठे स्वतःच खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत. ज्या नियमासाठी माणसे तुरुंगात गेली तो नियम करणाऱ्या संस्थेनेच सोडून दिला. संसदेने केलेला कायदा बदलतो तेव्हा निदान चर्चा होते, मते पडतात. खासगी मंडळाचा नियम बंद खोलीत बनतो आणि तसाच मोडीत निघतो. त्याला तुरुंगाची ताकद जोडणे म्हणजे आपली दंडसत्ता मालकांच्या मंडळाला उसनी देणे आहे.

यावर एक प्रामाणिक आक्षेप येऊ शकतो. छोट्या लीगजवळ तपासाची यंत्रणा नसते, दूरच्या कंपनीचे पगारपत्रक ती कशी तपासणार, मग खोटे बोलणाऱ्याला मोकळे रान मिळणार नाही का? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. परंतु ट्रॅशर्सच्या बाबतीत तपास यंत्रणेची फारशी गरज नव्हती. खेळाडूंची यादी वाचून कोणत्याही जाणत्या मालकाला कळले असते की एवढी माणसे आठवड्याला पाचशे डॉलरांवर डॅनबरीत येणार नाहीत. लीगला प्रवेशाच्या वेळीच मालकाच्या सर्व कंपन्यांचे हिशेब तपासण्याचा हक्क करारात लिहून घेता येतो, मोठी अनामत ठेवून घेता येते, गुण कापता येतात, संघाला हाकलता येते. रिचर्ड ब्रोसल आयुक्त असलेल्या या लीगमध्ये डॅनबरीने दोन वर्षे गर्दी खेचली, चर्चा घडवली, प्रतिस्पर्धी संघांचीही स्टेडियमे भरली. अशा संघाकडे जरा कानाडोळा करण्याचा मोह किती मोठा असतो, हे खेळाचा धंदा जवळून पाहणाऱ्याला सांगायला नको.

सर्वोच्च न्यायालयाने अलीकडे या कायद्याला थोडा लगाम घातला आहे. २०२० च्या केली खटल्यात आणि २०२३ च्या सिमिनेली खटल्यात न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की, फसवणुकीचे लक्ष्य खरोखरची मालमत्ता असले पाहिजे. एखाद्याला निर्णयासाठी उपयुक्त असलेली माहिती मिळाली नाही, एवढ्याने गुन्हा होत नाही. पगाराचे खोटे तक्ते मिळालेल्या लीगचे नुकसान या कसोटीवर कितपत उतरले असते, याची मला दाट शंका आहे. पण गलांटे यांच्या वकिलांना २००८ मध्ये हे निर्णय उपलब्ध नव्हते, आणि अशिलाच्या डोक्यावर आरोपांचा एवढा ढीग असताना हॉकीच्या एका कलमासाठी लढत बसण्यात शहाणपणही नव्हते. जून २००८ मध्ये त्यांनी तडजोड केली, सप्टेंबरमध्ये त्यांना ८७ महिन्यांची शिक्षा झाली. त्यामुळे खासगी लीगची वेतनमर्यादा मोडणे हा लीगच्या मालमत्तेवरचा घाला ठरतो की नाही, हा प्रश्न या खटल्यापुरता कोणत्याही अपील न्यायालयासमोर गेलाच नाही. तो अनुत्तरित आहे, आणि ज्या सरकारी वकिलाला पुढच्या खेपेस गरज वाटेल त्याच्यासाठी हे कलम तसेच हाताशी आहे.